समुद्राचा रकाना

नागपूर,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

सौराष्ट्राच्या सहलीचा जो तक्ता तू परवा माझ्या टेबलावर ठेवून गेलास, तो मी दोनदा वाचला. कोणत्या दिवशी किती किलोमीटर, मुक्काम कुठे, पेट्रोलला किती, हे सगळे तू नीट मांडले आहेस; पण आठांपैकी पाच दिवस गाडी समुद्राच्या कडेने धावणार असताना त्यात समुद्राचा रकानाच नाही. आपण झिरो माइलच्या गावची माणसे. भरती-ओहोटी आपल्याला शाळेच्या भूगोलापुरती ठाऊक असते, त्यामुळे तुझ्या वयात मी जी चूक केली तीच तू करायला निघाला आहेस.

भावनगरजवळ कोळियाक नावाचे गाव आहे आणि तिथले निष्कलंक महादेवाचे स्थान भर समुद्रात आहे. मी पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा दुपार झाली होती, आणि किनाऱ्यावरून दिसला तो फक्त पाण्यातून वर आलेला एक खांब आणि त्यावरचा ध्वज. पाणी उतरायला अजून चार तास आहेत, असे चहावाल्याने घड्याळाकडे न बघताच सांगितले. दीवला रात्रीची खोली घेऊन ठेवली होती, म्हणून तसाच पुढे निघालो. दुसऱ्या खेपेला ओहोटीची वेळ पाहून गेलो. चपला हातात घेतल्या, विजार पोटरीपर्यंत गुंडाळली आणि घोट्यापर्यंत ओढणाऱ्या करड्या, थंड चिखलातून किलोमीटरभर चालत गेलो, तेव्हा उघड्या चौथऱ्यावर पाच शिवलिंगे होती आणि त्यांच्या भोवतीच्या खळग्यांत समुद्र अजून थोडा साचून राहिला होता.

असे होण्याचे कारण आखाताच्या आकारात आहे. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते, त्यामुळे आत शिरणारे पाणी दाटून वर चढते आणि उधाणाच्या दिवसांत भावनगरला भरती व ओहोटी यांच्या पातळीत दहा मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे तीन मजली घराएवढा. पुढे अलंगला १९८३पासून जहाजे मोडण्याचा जो प्रचंड उद्योग चालतो, तो याच पाण्याच्या जोरावर उभा आहे. उधाणाच्या भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी ओसरले की ते कोरड्यात उभे राहते. परवानगीवाचून तुला आत सोडणार नाहीत, पण अलंगच्या रस्त्यावर जहाजांतून काढलेल्या खुर्च्या, कपबशा आणि कपाटांची दुकाने आहेत. तिथे अर्धा तास अवश्य घालव.

म्हणून बेत तिथीवरून कर. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा दोन्ही बेताचे. तुझ्या वाटेवर ओहोटीवाचून व्यर्थ ठरतील अशी ठिकाणे दोनच आहेत: सुरुवातीला कोळियाक आणि शेवटी जामनगरच्या अलीकडे वाडीनारजवळचे नरारा, जिथे पाणी उतरले की प्रवाळ उघडे पडतात. या दोहोंमध्ये साधारण सात दिवसांचे अंतर पडते, त्यामुळे दोन्हीकडे उधाण मिळणे शक्य नाही. कोळियाकला मुळात फरकच एवढा आहे की मी नवमीलाही चालत गेलो आहे. नरारा मात्र पौर्णिमेच्या नाहीतर अमावास्येच्या आगेमागेच साधावे लागते. भरतीचे तक्ते भावनगर आणि ओखा अशा दोन्ही बंदरांचे वेगवेगळे बघ, कारण मुंबईच्या वेळेवरून बांधलेला आडाखा आखाताच्या आत चालत नाही.

आता तुझ्या तारखांविषयी. दिवाळीत निघायचे म्हणतोस, तो विचार सोड. बेस्तु वरसपासून, म्हणजे पाडव्यापासून, लाभपंचमीपर्यंत सगळा गुजरात घराबाहेर पडलेला असतो आणि खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत. त्यानंतर लगेच कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गिरनारची परिक्रमा आणि सोमनाथची जत्रा असते. त्यापेक्षा महिनाभर थांब. चंपाषष्ठीचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य घरी होऊ दे आणि मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला पहाटे नीघ. तिसऱ्या दिवशी, नवमीला, तू कोळियाकला असशील आणि दहाव्या दिवशी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, नराऱ्याला. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकून असतो, त्यामुळे हा हिशोब चांगला जमतो. यासाठी रजा बारा दिवसांची लागेल. ती मिळत नसेल तर अर्धाच किनारा कर. आठ दिवसांत सगळा द्वीपकल्प म्हणजे नुसती गाडी हाकणे होईल.

रस्ते तीनच लक्षात ठेव. नागपूरजवळच्या वाडीहून सुटणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ अमरावती, अकोला, जळगाव, धुळे करत तुला सुरतेपुढे हजिऱ्याला समुद्रावर नेऊन सोडतो. तिथून भावनगरजवळच्या घोघ्याला गाडीसकट नेणारी फेरी नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाली. रस्त्याने जे अंतर ३७० किलोमीटर पडते ते पाण्यावरून ९० पडते आणि साधारण चार तासांत आखात ओलांडले जाते. फेऱ्यांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून तिकीट आधी घे. भावनगर ते द्वारका हा सगळा किनारा महामार्ग ५१चा, आणि परतताना राजकोटजवळच्या बामणबोरहून निघणारा महामार्ग ४७ अहमदाबाद, गोध्रा, इंदूर, बैतूल असा थेट नागपुरात येतो.

जाताना तिवस्याहून थोडी वाट वाकडी करून कौंडण्यपूर बघ, असा माझा आग्रह आहे. ते रुक्मिणीचे माहेर, आणि तू जाणार आहेस तो किनारा तिचे सासर. पोरबंदरच्या अलीकडे माधवपूर लागते, तिथे तिचे कृष्णाशी लग्न लागले अशी श्रद्धा आहे आणि रामनवमीपासून मोठा मेळा भरतो. अलीकडे त्या मेळ्यात रुक्मिणीला अरुणाचलची कन्या म्हणून मिरवतात, हे आपल्या वऱ्हाडाला कसे खपते कोण जाणे! द्वारकेतही तिचे देऊळ जगतमंदिरापाशी, म्हणजे कृष्णाच्या मुख्य देवळापाशी, नसून गावाबाहेर आहे. दुर्वासांच्या शापाने पती-पत्नींना दूर राहावे लागले, अशी कथा तिथे सांगतात आणि भाविकांकडून पाण्याचे दान करवतात. माधवपूरचा किनारा रस्त्याला अगदी चिकटून आहे, पण गाडी वाळूत घालू नकोस आणि पाण्यातही उतरू नकोस. तिथला समुद्र दिसतो तितका सौम्य नाही.

किनाऱ्यावर दिवसाला दीडशे किलोमीटरच्या फार पुढे जाऊ नकोस. भावनगर ते दीव हा एकच टप्पा त्याहून लांब आहे. अंधार पडल्यावर तर गाडी चालवूच नकोस, कारण आपण जिला रोही म्हणतो आणि तिकडे रोझ म्हणतात, ती नीलगाय शेतातून सरळ रस्त्यावर येते, आणि मागचा दिवा नसलेले छकडे असतात ते वेगळेच. संध्याकाळ मात्र तुला वाढवून मिळणार आहे. द्वारका नागपूरच्या दहा अंश पश्चिमेला असल्याने सूर्य तिथे सुमारे चाळीस मिनिटे उशिरा मावळतो. अर्थात उगवतोही तितकाच उशिरा, तेव्हा पहाटे पाचला निघण्याची आपली सवय तिथे उपयोगाची नाही.

दीवला दोन रात्री दे. १९६१च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे असलेला तो किल्ला आणि नायडा गुंफा घाईने बघण्यासारख्या नाहीत. दीवमध्ये दारू मिळते आणि गुजरातेत बंदी आहे, म्हणून परतीच्या नाक्यावर गाडीत एकही बाटली नसावी. तुझ्या मित्रांनाही हे स्पष्ट शब्दांत सांग. गीर या खेपेला गाळ. त्याला स्वतंत्र तीन दिवस हवेत. बेट द्वारकेला आता नावेची वाट बघावी लागत नाही, फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या सुदर्शन सेतूवरून गाडी थेट बेटावर जाते. नावेतून जाण्याची मजा त्यामुळे गेली, हे म्हाताऱ्याचे रडगाणे समज.

नराऱ्यासाठी जुने कॅनव्हासचे बूट घे, जे नंतर टाकून देता येतील. चप्पल चिखलात राहते आणि प्रवाळ तळव्याला कापते. वनखात्याची परवानगी काढून वाटाड्या घ्यायचा आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी चालायला लागायचे. आमच्या वाटाड्याने एक दगड हलकेच उचलला, तर खाली मुठीएवढा अष्टपाद दगडाच्याच रंगाचा होऊन बसला होता. आम्ही बघितल्यावर त्याने दगड होता तसा परत ठेवला. असा ठेवणारा वाटाड्या मिळाला तर त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दे. आणि पाणी वळले असे तो म्हणाला की फोटो अर्धवट सोडून मागे फीर.

परतताना नागपूरच्या सव्वाशे किलोमीटर अलीकडे मुलताई लागेल. हजिऱ्याला जिच्या मुखाशी तू बोटीत चढशील, ती तापी तिथल्या तलावापाशी उगम पावते. तिथे चहाला थांबलास की फोन कर, म्हणजे तुझ्या काकू त्या हिशोबाने कणीक भिजवतील.

रजेचे नक्की झाले की नवा तक्ता घेऊन ये. कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका