उरलेला माल बघ

प्रिय,

तीन वर्षांत तिसरं दुकान, आणि आता चौथ्याचं ऑफर लेटर हातात. जाऊ की नको, एवढंच तू विचारलंस. पण मला लागली ती शेवटची ओळ : ‘मला नक्की येतं काय, हेच कळत नाही.’

तू किती मेहनती आहेस ते लिहीत बसत नाही. एवढंच सांग, ज्या सीझनचा माल तू रॅकवर लावलास, तो संपताना काय उरलं हे बघायला कधी थांबलीस का? माल भरताना होतीस, विकताना होतीस. उरला तेव्हा तू दुसरीकडे रुजू झाली होतीस.

विकलेला माल सगळ्यांनाच दिसतो, त्याचे आकडे रोज रात्री वर जातात. शिकवतो तो उरलेला माल. कुठली साइझ राहिली, कुठला रंग राहिला, तो कुठल्या कोपऱ्यात होता, परत आलेले नग किती, परत करताना गिऱ्हाईक काय बोललं. उरलेला माल बघ. कंटाळा येईल इतक्या वेळा सांगणार आहे.

शंभराला विकायची वस्तू सत्तरला पडते असं धर. हातात तीस. दहा टक्के सूट दिलीस की तिसाचे वीस होतात, आणि तेवढाच नफा राखायला दीडपट नग विकावे लागतात. वीस टक्के दिलीस तर तिप्पट. हे गणित दुकानदारीच्या डिप्लोमात शिकवतील, तो संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कर, चांगलाच आहे. पण सूट द्यायची वेळ कोणाच्या ऑर्डरमुळे आली, हे तिथे कळणार नाही.

मला ते उशिरा कळलं. तुझ्याच वयात मी सीझनच्या शेवटी सूट लावून टार्गेट ओलांडलं आणि त्या जोरावर दुसरीकडे खरेदी विभागात गेले. तिथली पहिली मोठी ऑर्डर मी आदल्या वर्षीच्या विक्रीवरून दिली. मूळ किमतीला त्यातलं किती गेलं आणि सूट देऊन किती, हे पाहिलंच नाही. मधल्या साइझ महिन्यात संपल्या, टोकाच्या साइझनी गोडाऊन भरलं. बोलणी खाल्ली गोडाऊन सांभाळणाऱ्याने. मी त्या खोलीत होते आणि गप्प बसले. ते अजून सलतं.

सिस्टीममध्ये सगळं दिसतं असं म्हणू नकोस. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय इथे एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडने स्कॅन झालं. तेव्हापासून मोजणी सोपी झाली, पण मशीनला कळतं ते नोंदवलेलंच. चोरीला गेलेला, फुटलेला, चुकीच्या कोडवर बिल झालेला नग तिथे जिवंतच असतो. सिस्टीम सहा दाखवते, रॅक रिकामा असतो, आणि स्टॉक दिसतोय म्हणून नवी ऑर्डरही जात नाही.

पुढे मी हेड ऑफिसची जागा दोनदा नाकारली. दर मोजणीला स्वतः शिडीवर चढले. माझ्याबरोबरची माणसं पगारात कुठल्या कुठे गेली, घरचेही बोलले. मी चुकले असं मला वाटत नाही. विकत घ्यायच्या आधी माल हातात धरून तो पडून राहील की नाही हे मला सांगता येतं, आणि ते येतं म्हणूनच मंदीत माणसं कमी केली तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं. बाई हट्टी आहे, असं म्हणत असतील. म्हणू देत.

तू मात्र चिडू नकोस माझ्यावर. दिवसभर उभं राहून तुझे पाय सुजतात हे माहीत आहे मला, आधी चांगले बूट घे.

आता ऑफरचं. त्यांना एकच विचार : सीझन संपल्यावर शिल्लक मालाची यादी मला बघायला मिळेल का? तुझ्या हुद्द्याच्या माणसाला ती दाखवत नसतील, तर ऑफरमधल्या हुद्द्यातला ‘सीनियर’ हा शब्द त्यांच्याकडेच राहू दे. आणि आहेस तिथली पुढची मोजणी कधी आहे? त्या रात्री लवकर निघू नकोस. काय काय उरलं ते वहीत स्वतः लिही आणि त्या पानांचे फोटो मला पाठव. अक्षर कसंही असलं तरी चालेल.

तुझी,
ताई