कोना घर जानं शे?

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. यंदा नाताळला त्या चौघं अमळनेर तालुक्यातल्या सासरच्या गावी येणार आहेत. मागच्या खेपेला धुळ्याहून निघाल्यावर वाट चुकली, दोन तास गाडी आडरानात फिरली. नवरा-बायकोचं पुढच्या सीटवर वाजलं आणि मागे अकरा वर्षांची लेक मुसमुसत राहिली. ‘तेव्हापासून ती भारतात गाडीत बसायलाच घाबरते. असं झालं तर हसत कसं निभवायचं? आणि देवाबद्दल यातून मुलांना काही सांगता येतं का, की उगाच प्रवचन होईल?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमचं पत्र वाचून मला आमचीच एक रात्र आठवली.

काही वर्षांपूर्वीची 24 डिसेंबरची संध्याकाळ. मी, बायको आणि नऊ वर्षांची आमची लेक चुलत्यांच्या गावी उपासनेला निघालो होतो. आपल्याकडे एकाच नावाची गावं शेजारीशेजारी असतात, एक बुद्रुक म्हणजे मोठं आणि एक खुर्द म्हणजे लहान. आम्हाला जायचं होतं खुर्दला, फोननं नेलं बुद्रुकला. तिथून खुर्दची वाट शोधता शोधता डांबरी संपली, गाडीवाट लागली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, अंधारात नुसता पांढरा दिसत होता. शेवटी एका खळ्यावर शेकोटी दिसली म्हणून थांबलो.

शेकोटीपाशी एक म्हातारबाबा बसले होते. मी त्यांना फोनवरचा नकाशा दाखवायला लागलो. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अहिराणीत म्हणाले, “कोना घर जानं शे?” म्हणजे कुणाच्या घरी जायचंय?

मी चुलतभावाचं नाव सांगितलं. त्यांना ओळख लागेना. मग चुलत्यांचं, मग आजोबांचं नाव सांगितलं. आजोबांचं नाव निघताच बाबांचा चेहरा खुलला. दारात कडुनिंब असलेलं घर ना, माझी बहीण त्याच गल्लीत दिलीय, म्हणाले. “आते च्या पी ल्या, मंग चाला.” चहा झाला. त्यांनी नातवाला मोटारसायकल काढायला लावली आणि तो पोरगा फाट्यापर्यंत आमच्या पुढे चालला. धुळीतून त्याचा मागचा लाल दिवा तेवढा दिसायचा. लेक मागून ओरडली, “आई, आपला तारा बघ! लाल आहे!”

तेव्हा मी तिला बायबलमधल्या मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण दिली. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडची ज्ञानी माणसं, तारा पाहून निघाली आणि पोचली कुठे? यरुशलेमेत. राजा जन्मलाय म्हणजे मोठ्या गावातच असणार! तिथे त्यांनी विचारपूस केली, हेरोद राजा आणि त्याच्याबरोबर सगळं यरुशलेम घाबरलं, शास्त्री लोकांनी मीखा संदेष्ट्याची पोथी काढून सांगितलं की बाळ बेथलेहेमात. तिथून जेमतेम नऊ किलोमीटरवर. मीखाने बेथलेहेमाला लहान म्हटलंय. लेक क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “म्हणजे तेही बुद्रुकला गेले आणि बाळ होतं खुर्दला!”

तिची आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या रात्री उपासनेत मागींचा उतारा वाचला गेला तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो. आजही घरात कुणी मोठेपणाच्या मागे धावायला लागलं की लेक एवढंच म्हणते, “बाबा, बुद्रुक!” मी तिला विश्वासाच्या अनेक गोष्टी शिकवल्या असतील, पण ही तिची तिला सापडली, म्हणून ती टिकली. तुम्हाला प्रवचनाची भीती वाटते ना? मग तुम्ही गोष्ट सांगा आणि थांबा. जोडायचं काम मुलांना करू द्या, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमतं.

आता भांडणाचं. हे मी जरा ठामपणे सांगतो, कारण लेकीला भीती रस्त्याची नाही, तुमच्या आवाजाची बसली असावी. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या जत्रेत मागे राहतो. मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात, सोबत्यांत असेल म्हणून. मग नातेवाइकांत शोध, मग उलटं यरुशलेम, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. तीन दिवस, ताई! आपली दोन तासांत काय अवस्था होते. पण मरीया मुलाला काय म्हणते ते बघा: तुझा पिता आणि मी तुला शोधत होतो. ‘यांनी लक्ष दिलं नाही’ असं नाही, दोघांचं नाव ती एकत्र घेते. गाडीत तुम्हीही एवढंच ठरवा, ‘तू चुकवलंस’ हे वाक्य बंद, ‘आपण चुकलो’ हे चालू. चूक कुणाची ते गावी पोचून, जेवणं झाल्यावर बघा. तोवर कुणाला आठवतही नाही.

आणि हसायचं ते प्रसंगाला, गाडी चालवणाऱ्याला नाही. मुलं हा फरक चटकन ओळखतात.

लेक रडायला लागली तर ‘देव आहे ना, रडतेस काय’ असं म्हणू नका. आधी गाडी बाजूला घ्या, तिला जवळ घ्या, पाणी द्या. मग चौघांनी मिळून दोन ओळींची प्रार्थना. नंतर तिलाच काम द्या. रस्ता विचारणं हे काम मुलांना फार आवडतं. इंग्लंडमध्ये वाढलेल्या पोरीनं काच खाली करून “बाबा, हाई गाव कथा शे?” असं विचारलं की समोरचा माणूस हातातलं काम टाकून येईल, याची मी खात्री देतो. आठवडाभर आधी आजीकडून फोनवर तेवढी अहिराणी शिकवून ठेवा.

धाकट्याला वाटेत ‘हे देऊळ आपण मघाशी पाहिलं’ असं वाटलं तर ऐका त्याचं. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात बलामाच्या गाढवीला दूत दिसत होता आणि मालक तिलाच तीनदा मारत बसला. ही गोष्ट मुलांना प्रवासाआधी वाचून दाखवा, पोट धरून हसतील. साक्रीकडच्या बाजूला गेलात आणि ठेलारी मेंढपाळांचा मेंढरांचा कळप आडवा आला, तर हॉर्न वाजवू नका. उतरून विचारा, इतक्यांतलं एक हरवलं हे तुम्हाला कळतं कसं? हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगणारा लूकचा पंधरावा अध्याय मग वेगळा वाचायची गरज नाही.

थोडं व्यवहाराचंही सांगतो. नकाशा निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्या, आडगावात रेंजचा भरवसा नाही. धुळ्याहून दुपारीच निघा, थंडीत सहालाच अंधारतं. रात्री चुकलात तर शेतवाटेत पुढे पुढे जाऊ नका, मागे फिरून मोठ्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप नाहीतर ढाबा गाठा. आम्ही त्या रात्री गेलो ते निभावलं, पण लेकरं सोबत असताना तसं करायला मी कुणाला सांगणार नाही. रस्ता दोघांना वेगवेगळा विचारा. आणि एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवा: गाव, तालुका, सासऱ्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, दारात काय आहे ते. पिन कोड कुणी विचारणार नाही, कोना घर जानं शे ते मात्र प्रत्येक जण विचारेल, आणि त्याचं उत्तर तुमच्या मुलांना तोंडपाठ हवं.

गाव खुर्द की बुद्रुक, ते पत्रात लिहिलेलं नाही तुम्ही. सासूबाईंना आजच फोन करून विचारून घ्या.