कामगारांचे प्रश्न: ग्रॅच्युइटीची पाच वर्षं, दबावाखालचा राजीनामा, सामूहिक रजा

(२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. खालची उत्तरं त्या धरून दिली आहेत.)

प्रश्न : भोसरीच्या एका कारखान्यात ३ जून २०२१ ला कायम कामगार म्हणून लागलो आणि राजीनामा देऊन १५ एप्रिल २०२६ ला सुटलो. पगार ३१,२०० रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ११,०००, घरभाडे १२,००० आणि प्रवासभत्ता ८,२००. 'पाच वर्षं भरली नाहीत, ग्रॅच्युइटी बसत नाही,' असं ऑफिस सांगतं. हे बरोबर आहे का?

उत्तर : इतक्या सहज मान्य करू नका. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी एकरकमी रक्कम. तिच्यासाठी कायद्याला पाच वर्षांची 'सलग सेवा' हवी असते, आणि सलग सेवेचं वर्ष कॅलेंडरवर मोजत नाहीत. आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या कारखान्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की वर्ष भरलं असं धरतात. आठवडा सहा दिवसांपेक्षा कमी असेल तर १९० दिवस पुरतात. शेवटच्या अपुऱ्या वर्षालाही हाच हिशेब लागतो, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मेत्तूर बिअर्डसेल प्रकरणात दिला. मालक हा मुद्दा लढवू शकतो, म्हणून दिवसांचा पुरावा पक्का हवा.

तुमचं पाचवं वर्ष ३ जून २०२५ ला सुरू झालं. तिथून १५ एप्रिलपर्यंत ३१७ दिवस होतात. त्यातले ४५ रविवार सोडले तरी २७२ उरतात. म्हणजे बिनपगारी गैरहजेरी ३२ दिवसांच्या वर गेली नसेल तर तुम्ही २४० च्या पुढे आहात. भरपगारी हक्काची रजा आणि कामावरच्या अपघातामुळे घरी बसावं लागलेले दिवस कामाचेच धरले जातात. पगारी साप्ताहिक सुट्टीही धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या प्रकरणात म्हटलं होतं. ते प्रकरण औद्योगिक विवाद कायद्याखालचं होतं, पण युक्तिवादाला उपयोगी पडतं. पगाराच्या स्लिपांवरचे हजर दिवस महिन्यावार मांडून एक पान तयार करा. बहुतेक दावे कायद्यावर हरत नाहीत, या पानाअभावी अडकतात.

आता रक्कम. ऑफिस कदाचित ११,००० वर हिशेब करेल. नव्या संहितेतल्या 'वेतना'च्या व्याख्येप्रमाणे घरभाडे, प्रवासभत्ता यांसारखे वेतनातून वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग परत वेतनात मिळवावा लागतो. तुमच्या एकूण पगाराचे निम्मे १५,६००, वगळलेले भाग २०,२००. जास्तीचे ४,६०० मूळ ११,००० मध्ये मिळवले की वेतन १५,६०० होतं. (मालकाचा पीएफचा वाटाही या बेरजेत येतो, त्यामुळे आकडा थोडा वर जाईल, इथे तो बाजूला ठेवला आहे.) स्लिपवर नुसता 'स्पेशल अलाउन्स' असता, तर तो वगळण्याच्या यादीत नावानिशी नाही, हे सांगून पूर्ण धरायला लावता आला असता.

१५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ६००. पंधरा दिवसांचे ९,०००. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून गुणिले ५ : ४५,००० रुपये. भागाकार २६ नेच व्हायला हवा. ३० ने भागून दर वर्षामागे १,२०० रुपये कापण्याची चूक, किंवा युक्ती, फार ठिकाणी दिसते.

लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते; पुढे व्याज चढतं. फुल अँड फायनलच्या (नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर 'सर्व येणे मिळाले' असं छापलेलं असेल तर सहीजवळ 'ग्रॅच्युइटीचा हक्क राखून' असं हाताने लिहा. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना मात्र पाच वर्षांची अट नाही. वर्षभर काम झालेलं असेल आणि कराराची मुदत संपली, की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

प्रश्न : हिंजवडीतल्या आयटी कंपनीत सहा वर्षं टेस्टिंगचं काम करते. काल मीटिंग रूममध्ये बोलावून, फोन बाहेर ठेवायला लावून राजीनाम्यावर सही घेतली. नोटीस पिरियड महिन्याचा आहे. आता काही करता येईल?

उत्तर : येईल, पण आजच. कंपनीच्या आणि स्वतःच्या अशा दोन्ही पत्त्यांवरून मेल करा : कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण हजर होतं, काय सांगून सही घेतली, आणि 'हा राजीनामा स्वेच्छेचा नसून मी तो मागे घेत आहे.' पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार मान्य केलं आहे. आठवड्यानंतरच्या मेलला हे वजन राहत नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, 'मग इतके दिवस गप्प का होता?'

कामावर जात राहा. कार्ड बंद केलं तर गेटवरूनच मेल करा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, मूल्यमापनाचे शेरे हे तुमचे कागद आहेत, त्यांची प्रत ठेवा. कोड, ग्राहकांची माहिती, अंतर्गत फाइली घरच्या मेलवर मुळीच पाठवू नका. त्यातून कंपनीला गैरवर्तनाचा आयता मुद्दा मिळतो आणि चांगली केस हातची जाते.

कंपनीला राजीनामाच हवा असतो, कारण नोकरकपात केली तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय पुनर्कौशल्य निधीत (कपात झालेल्यांना नवं कौशल्य शिकता यावं म्हणून असलेल्या निधीत) १५ दिवसांचं वेतन भरावं लागतं. हे संरक्षण 'कामगार' असणाऱ्यालाच आहे. तिथे पदनाम गौण असतं, प्रत्यक्ष काम पाहतात. हाताखाली माणसं नसतील, रजा मंजूर करण्याचा, नेमणुकीचा अधिकार नसेल, तर 'सीनिअर लीड' लिहिलेलं असूनही दावा करता येतो. समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) दोन वर्षांच्या आत जायला हवं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. लहान मुदत धरून चाला.

प्रश्न : सातपूरच्या आमच्या कारखान्यात मस्टरवर (हजेरीपटावर) १४० कामगार. आमच्या नोंदणीकृत युनियनचे ८० सभासद आहेत, पण व्यवस्थापन जुन्या युनियनशीच बोलतं. एके दिवशी सगळ्यांनी किरकोळ रजा टाकली तर तो संप ठरेल का?

उत्तर : ठरेल. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली, तर औद्योगिक संबंध संहितेत तो संपच आहे. १४० चे निम्मे ७०. नोटिशीविना केलेला संप बेकायदा, आणि त्यात सहभागासाठी दंड किंवा महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दहा किंवा जास्त जण ठरवून बिननोटीस गैरहजर राहिले तर प्रत्येकी आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापता येतं. नोटीस दिली तरी पहिले १४ दिवस संप करता येत नाही, ती ६० दिवसांपर्यंतच चालते, आणि समेटाची पहिली बैठक झाली की कार्यवाही संपून सात दिवस जाईपर्यंत संपाला बंदी.

पण तुम्हाला एवढ्यात संपाची गरजच काय? एकाहून जास्त युनियन असतील तेव्हा मस्टरवरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा असणारी युनियन ही एकमेव वाटाघाटी करणारी युनियन ठरते. १४० चे ५१ टक्के म्हणजे ७२ सह्या. तुमच्याकडे ८० आहेत. आधी सभासदांची यादी मस्टरच्या नंबरांशी ताडून पाहा : ठेकेदाराकडची माणसं, सोडून गेलेले, जुन्या युनियनमध्येही नाव असलेले बाजूला काढा. नऊ नावं गळाली तर ७१ राहतात आणि दावा पडतो. म्हणून अर्ज देण्याआधी आणखी दहाबारा सभासद करा, वर्गणीच्या पावत्या क्रमाने लावा, आणि मग पडताळणीची लेखी मागणी व्यवस्थापनाकडे करून तिची प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पोचवा.