जपानहून मशीनचे पार्ट मागवलेत, इन्व्हॉइस येनमध्ये. अंबडच्या युनिटसाठी बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा अर्ज) भरताना येनचे रुपये करायला बँकेचा दर धरायचा का?

नाही. बँकेने पैसे पाठवताना लावलेला दर इथे चालत नाही. बिल ऑफ एंट्री सादर कराल त्या दिवशी लागू असलेला कस्टम्सचा दर धरा. सीमाशुल्क कायद्याचं कलम 14 तेच सांगतं. तो दर आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर मिळतो. आयातीचा रकाना पाहा, निर्यातीचा वेगळा असतो.

येनचा दर 100 येनला दिलेला असतो, खरी गफलत इथेच होते. समजा दर 58 रुपये, इन्व्हॉइस 12,00,000 येन: 12,00,000 ÷ 100 × 58 = 6,96,000 रुपये.

किंमत एफओबी (माल तिकडच्या जहाजावर चढवेपर्यंतचीच) असेल तर न्हावा शेवा बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा वेगळा मिळवा. विम्याची रक्कम कळत नसेल तर एफओबीच्या 1.125 टक्के धरतात. भाडं डॉलरमध्ये असेल तर त्याला डॉलरचाच दर लावा.