मुलीने ‘जूनो’ पाहिला, आता काय करू?

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक आई समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला मुलीचा फोन काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, ही रात्री दीड वाजता पांघरुणात तोंड खुपसून हे बघत होती.” फोनवर ‘जूनो’ हा अमेरिकी सिनेमा मध्येच थांबवलेला होता. मुलगी चौदा संपून पंधराव्यात, नुकतीच दहावीत गेलेली. “सोळा वर्षांच्या मुलीला दिवस जातात आणि सिनेमाभर सगळे विनोद करत हिंडतात. असलं बघून पोरीच्या डोक्यात भलतंसलतं शिरणार नाही का?” सिनेमाचे किंवा मालिकेचे नाव बदलून हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा विचारला जातो. या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

‘जूनो’ २००७ सालचा आहे आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालेले आहे. मिनेसोटा राज्यातली जूनो ही शाळकरी मुलगी गर्भपातासाठी दवाखान्यात जाते, तिथून परत फिरते, जाहिरातींच्या फुकट पत्रकात मूल दत्तक हवे असलेले जोडपे शोधते आणि त्यांना बाळ द्यायचे ठरवते. सिनेमा विनोदी आहे हे खरेच, पण माझ्या मते जिथे ती सर्वांत घाबरलेली असते तिथेच तिची जीभ सर्वांत जास्त चालते, आणि अशी मुले मला माझ्या खोलीतही भेटतात. माझी तक्रार वेगळी आहे. बाळ देऊन झाल्यावर मुलगी फार लवकर सायकल आणि गिटारकडे परतते. त्यानंतरचे महिने सिनेमाने दाखवलेलेच नाहीत.

सिनेमा पाहून मुली तसे करू लागतात का, ही शंका अमेरिकेतही घेतली गेली. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर गावच्या एका शाळेत एकाच वर्षी बऱ्याच मुली गरोदर राहिल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी या सिनेमाकडेही बोट दाखवले. देशभराचे आकडे मात्र उलटे गेले. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे २००७ मध्ये सुमारे ४१ बाळंतपणे होत होती. २०१७ मध्ये ती १९ च्या खाली आली. त्याचे श्रेय सिनेमाला द्यावे असे मी म्हणणार नाही, पण दोषही देता येत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ या काळात या वयोगटातील ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या बाबतीत कारण लवकर लावून दिलेले लग्न हेच होते. त्या लग्नांच्या पंगतीत मात्र कोणी काळजी करताना दिसत नाही.

आईंना मी हे सांगितले, त्यांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. मग मुलीला एकटीला आत बोलावले. कोणत्याही अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी बोलण्याआधी मी एक गोष्ट स्पष्ट करते: इथले बोलणे माझ्यापाशी राहील, परंतु अठरा वर्षांखालील कोणाशी लैंगिक संबंध आल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे मला बंधनकारक आहे. हे ऐकून काही मुले गप्प होतात, तरी मी ते आधीच सांगते, कारण विश्वासाने बोलून झाल्यावर हा नियम कळणे अधिक वाईट. ती गप्प झाली नाही. तिने दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागचे पान उघडले. तिथे पेन्सिलीने सात-सातच्या ओळींत बारीक रेघा ओढल्या होत्या, एकूण एकेचाळीस. शेवटच्या पाळीनंतरचे ते दिवस होते.

सुट्टीत ती पोहण्याच्या शिबिराला जात होती. तिथे मुलगे-मुली एकाच वेळी तलावात उतरत, आणि एका मैत्रिणीने तिला सांगितले होते की तशा पाण्यातूनही दिवस जातात. पाळी लांबली तशी तिने रात्री फोनवर शोधाशोध सुरू केली, आणि त्यातच तिला हा सिनेमा सापडला. पूर्ण सिनेमा तिने पाहिलाच नव्हता. दिवाणखान्यात जूनो वडिलांना आणि सावत्र आईला बातमी सांगते, तेवढाच प्रसंग तिने पाच-सहा वेळा पाहिला होता. “सांगायचं कसं, ते बघत होते,” ती म्हणाली.

पोहण्याच्या तलावातील पाण्यातून गर्भधारणा होत नाही, हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावले. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन पाळ्यांमधले अंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाणे नेहमीचे असते, तीन महिने उलटले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे, हेही सांगितले. ती रडली नाही. तिने खोडरबर काढून त्या रेघा पुसायला घेतल्या, तेव्हा मीच तिला थांबवले, कारण ती नोंद ठेवणे चांगलेच होते.

तिच्या संमतीने आईंना आत घेतले. सगळे ऐकल्यावर त्या बराच वेळ फोनभोवतीच्या रुमालाची घडी घालत राहिल्या आणि मग अडखळत विचारले, “पण खरंच तसं काही झालं असतं तर?” मी सरळ उत्तर दिले. सिनेमातल्यासारखे मुलीने एकटीने जाऊन आपल्याकडे गर्भपात होत नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, तरी २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव उघड करण्याची गरज नसते. जाहिरात पाहून परस्पर बाळ देणे इथे बेकायदा आहे. बाळ बालकल्याण समितीपुढे सोपवावे लागते आणि निर्णय फिरवण्यासाठी साठ दिवस मिळतात. मुलगी हे सगळे कान देऊन ऐकत होती, आणि तिने ते आईच्या शेजारी बसून ऐकावे, अशीच माझी इच्छा होती.

फोन परत देताना मी सुचवले की हा सिनेमा दोघींनी एकत्र पाहावा. तीन आठवड्यांनी आई एकट्याच आल्या. पाळी चव्वेचाळिसाव्या दिवशी आली होती. सिनेमाबद्दल त्या म्हणाल्या, “ती बाई सावत्र असूनही आधी मुलीच्या तब्येतीचं आणि औषधांचं बोलली हो. मी काय विचारलं? हे कुठे सापडलं तुला.” पुढच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहू या, असे त्यांनी सुचवले होते, मुलीने साफ नकार दिला, कारण दुधाचा हिशोब बाबा तिथेच लिहितात. म्हणून वही गणिताचीच राहिली आहे, आणि शेवटचे पान उघडायची परवानगी आता आईला आहे, पण विचारून.