चेनसॉचा कार्ब्युरेटर पहिल्यांदा उघडताय?

उघडा बिनधास्त, पण आधी एअर फिल्टर साफ करा आणि टाकीतला फ्युएल फिल्टर बदलून बघा. पुष्कळदा दुखणं तिथेच असतं.

उघडायचाच झाला, तर प्रत्येक थराचा फोटो काढा. पंपाच्या बाजूला (जिथून पेट्रोल आत ओढलं जातं) बॉडीवर सहसा आधी डायफ्रॅम (लवचिक पातळ पडदा) बसतो, मीटरिंगच्या बाजूला (जिथे पेट्रोल मोजून सोडलं जातं) आधी गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर). नवशिके इथेच फसतात. डायफ्रॅम कडक झाला असेल तर फेकाच; इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवलं की हे होणारच. भोकांत तार घालू नका, क्लीनरचा फवारा पुरे.

मग ट्यूनिंग, चेन-बार लावूनच:

- एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) स्क्रू हलक्या हाताने बंद करून एकेक फेरा उघडा (पुस्तिकेत वेगळं असेल तर ते). आवळलेत तर स्क्रूच्या सुईचं टोक गेलं.
- आधी एल, मग आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग). आयडलला चेन फिरता कामा नये.
- एच शेवटी. पूर्ण थ्रॉटलला आवाज जरा घोगरा राहू द्या, लाकडात घातल्यावर तो साफ होतो. चिरका आवाज कानाला झकास वाटतो, पण मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन जाम होईल.

मीटरिंग लिव्हरची (डायफ्रॅमखालची, पेट्रोल आत सोडणारी छोटी पट्टी) उंची, प्रेशर टेस्ट (गळतीची तपासणी) नंतर बघू. तोवर लिव्हर वाकवू नका.