इथिओपियन हॉटेलात पहिल्यांदाच जातोय. मी शाकाहारी आहे आणि एकाच ताटात सगळ्यांनी जेवायचं असतं म्हणे. जमेल का?

जमेल. शाकाहाराची काळजी सोडा, तिथे तो सगळ्यात सोपा भाग आहे. आधी ताटाचं सांगतो, कारण माझंही घोडं तिथेच अडलं होतं.

मी कोल्हापूरकडचा. आजी होती तोवर आमच्या घरी आमटीत उष्टा चमचा बुडाला, तर अख्खं पातेलं म्हशीच्या घमेल्यात जायचं. अशा घरातला मी, कामानिमित्त व्हर्जिनियात होतो. वॉशिंग्टनच्या आसपास इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे. १९७४ साली इथिओपियात सम्राटाची राजवट उलथली, त्यानंतर पुष्कळ जण अमेरिकेत आले. ऑफिसातला एक इथिओपियन सहकारी आम्हा तिघांना अलेक्झांड्रियातल्या एका हॉटेलात घेऊन गेला.

टेबलावर परातीएवढं एकच ताट आलं. त्यावर इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, अंथरलेला आणि इंजेऱ्यावर सात-आठ प्रकारच्या भाज्या-डाळींचे ढीग. वाट्या नाहीत, चमचे नाहीत, वेगळी ताटली नाही. 'एक प्लेट मिळेल का' हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण बाकीचे तोवर सुरूसुद्धा झाले होते. मग गुपचूप त्या सहकाऱ्याकडे बघत बसलो. तो उजव्या हाताने तुकडा तोडायचा, त्याच्या चिमटीत डाळ उचलायचा आणि नुसता घास तोंडात टाकायचा. बोटं ओठांना लागतच नव्हती. बोटं चाटणं त्यांच्यात वाईट दिसतं. (आपण बोटं चाटली की वाढणारी खूश!) शिवाय ज्याने त्याने आपल्या समोरच्या बाजूनेच खायचं, हात पलीकडे घालायचा नाही. म्हणजे तुम्ही घाबरताय तेवढं उष्टं-खरकटं तिथे होतच नाही. एका हाताने पोळी तोडायची सवय असल्यामुळे माझं बरं चाललं होतं. सोबतच्या अमेरिकन माणसाची मात्र त्रेधा उडाली, कारण इंजेरा तुटताना रबरासारखा ताणतो.

मग गप्पांत मी मलिक अंबरचा विषय काढला. चारशे वर्षांपूर्वी तुमच्याकडचा एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात जात आमच्याकडे आला, निजामशाहीचा कारभार त्याने हातात घेतला, खडकी नावाचं शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं, असं सगळं सांगितलं. गडी इतका खूश झाला की त्याने मोठा घास वळला आणि थेट माझ्या तोंडासमोर धरला. याला गुर्शा म्हणतात. मायेने, मानाने दुसऱ्याला भरवायचं. आमच्याकडे आई लेकराला भरवते, नाहीतर लग्नात नवरा-नवरी. चाळिशीतल्या एका मिशाळ माणसाने दुसऱ्या मिशाळ माणसाला भरवायचं म्हणजे... पण हात पुढे आला होता. नाही म्हणणं फार वाईट दिसलं असतं. खाल्ला. तुमच्यावर ही वेळ आली तर तोंड मोठं उघडा, घास लहान नसतो.

आता खाण्याचं. इंजेरा टेफ नावाच्या धान्याचा, दाणा खसखशीएवढा बारीक. पीठ काही दिवस आंबवतात आणि एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते. आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा, पण पीठ एक दिवस जास्तच राहिलेल्या आंबोळीइतकी आंबट. शिवाय गरम नसतो. तव्यावरची भाकरी डोळ्यासमोर ठेवून गेलात तर पहिले दोन घास आवडणार नाहीत, मलाही आवडले नव्हते. तिखट मसूर डाळीबरोबर खाल्ल्यावर तो आंबटपणा कशाला आहे ते कळतं. ताटाच्या तळाचा, सगळे रस प्यायलेला इंजेरा शेवटासाठी राखून ठेवा. (गव्हाचं पथ्य असेल तर विचारून घ्या, अमेरिकेत टेफमध्ये दुसरी पिठं मिसळतात.)

मागवायचं काय? 'बेयाइनेतू' म्हणा, म्हणजे सगळं थोडं थोडं असलेलं ताट, आणि 'त्सोम' म्हणजे उपवासाचं हवं असं सांगा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवस मांस, अंडी, दूध, लोणी काही खात नाहीत. त्यामुळे या ताटात मसूर, वाटाण्याची पिवळी डाळ, कोबी-गाजर-बटाटा, पालेभाजी, बीट, सगळं तेलातलं. एकादशी दुप्पट खाशी हे तिकडेही खरं आहे. नावात नुसतं 'वोत' असेल तर बहुधा बर्बेरे मसाल्याचं तिखट, 'अलिचा' असेल तर हळदीचं सौम्य.

आणि शिरो घ्याच. हे चक्क पिठलं. फरक एवढाच की मसाला पिठातच दळलेला असतो, आणि मातीच्या भांड्यात रटरटत समोर येतं. आमच्या हिला ते घरच्या पिठल्यापेक्षा आवडलं, यावर अजून वाद चालू आहे. फक्त 'बोझेना शिरो' मागवू नका, त्यात मांस असतं.

कॉफी प्यायची असेल तर बसताबसताच सांगून ठेवा. रीतसर करणारं हॉटेल असेल तर हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतात, धूर नाकाशी आणतात, धूप लावतात, सोबत मक्याच्या लाह्या देतात, आणि एकाच बियांचं पाणी तीनदा उकळून तीन फेऱ्या होतात. पहिली इतकी कडक की त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी छताकडे बघत पडलो होतो. संध्याकाळी जाणार असाल तर तिसऱ्या फेरीलाच कप पुढे करा.